शहरांचे ऊर्जा नियोजन : इंदूरचा धडा

शहराचे ऊर्जा नियोजन म्हणजे केवळ पथदिव्यांसाठी वीज मिळवणे नव्हे. पाणी उपसणे, सांडपाणी शुद्ध करणे, कचऱ्याची विल्हेवाट लावणे आणि बसगाड्या चालवणे या प्रत्येक कामात ऊर्जा खर्च होते. तिचे बिल अखेर नागरिकांच्या करातूनच भरले जाते. म्हणूनच शाश्वत ऊर्जा नियोजनाचा पहिला प्रश्न ‘वीज कुठून आणावी’ हा नसून ‘ती कुठे खर्च होते’ हा असतो. होळकरांच्या इंदूर शहराने हा प्रश्न कसा हाताळला, हे समजून घेण्यासारखे आहे.

पाण्याचे बिल, विजेचे बिल

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे. नर्मदा मात्र पठाराच्या पायथ्याशी, निमाडच्या सखल प्रदेशातून वाहते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून खरगोन जिल्ह्यातील जलूद येथून सुमारे ७० किलोमीटरचे अंतर कापून नर्मदेचे पाणी शहरात आणले जाते. घाट चढवून आणलेल्या या पाण्यासाठी दरमहा सुमारे २५ कोटी रुपये वीजबिलापोटी द्यावे लागत असल्याचे इंदूर महानगरपालिकेने सांगितले होते.

हा बोजा हलका करण्यासाठी जलूद परिसरात ६० मेगावॅट क्षमतेच्या सौर प्रकल्पाचा आराखडा तयार झाला. त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेने हरित रोखे काढून २४४ कोटी रुपये उभारले. व्याजदर ८.२५ टक्के आणि परतफेडीचे टप्पे ३, ५, ७ व ९ वर्षांचे होते. सामान्य गुंतवणूकदारालाही हे रोखे घेता आले आणि मागणी विक्रीच्या कित्येक पटींनी अधिक आली.

यामागील हिशेब सरळ आहे. सौर प्रकल्पातून एका मेगावॅटमागे वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिट वीज मिळते. म्हणजे ६० मेगावॅटपासून सुमारे १० कोटी युनिट. वाचलेल्या बिलातून व्याज व मुद्दल फेडता आले, तरच अशी योजना टिकाऊ ठरते. सूर्य मावळल्यावर पंप थांबवता येत नसल्याने रात्रीच्या विजेसाठी ग्रिडचा आधार मात्र राहतोच.

कचऱ्यातून इंधन

दुसरा प्रयोग ओल्या कचऱ्याचा. देवगुराडिया येथील कचरा डेपोच्या जागेवर उभारलेल्या प्रकल्पाचे उद्घाटन १९ फेब्रुवारी २०२२ रोजी झाले. दररोज ५५० टन ओला कचरा पचवून सुमारे १७,००० किलो जैव सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत तयार करण्याची त्याची क्षमता आहे. हा वायू शहरातील बसगाड्यांसाठीही वापरला जातो. येथे यंत्रांपेक्षा निर्णायक ठरली ती घरोघरची शिस्त. कचऱ्यात प्लास्टिक व काच मिसळलेली असेल, तर जिवाणूंची पचनक्रिया बिघडते आणि वायूचे उत्पादन घटते. इंदूरने कचऱ्याचे वर्गीकरण आधी अंगवळणी पाडले आणि प्रकल्प नंतर उभारला.

गोव्यासाठी अर्थ

गोव्याची परिस्थिती वेगळी आहे. राज्याला लागणारी बहुतांश वीज बाहेरून येते. २०५० पर्यंत संपूर्ण वीज नवीकरणीय स्रोतांतून घेण्याचे उद्दिष्ट शासनाने जाहीर केले आहे. परंतु जमिनीवरील सौर प्रकल्पाला एका मेगावॅटमागे साधारण चार ते पाच एकर जागा लागते. ६० मेगावॅटसाठी सुमारे अडीचशे ते तीनशे एकर. एका बाजूला सह्याद्रीची अरण्ये, दुसऱ्या बाजूला खाजन शेती, अशा चिमुकल्या राज्यात इतकी मोकळी जमीन मिळणे कठीण. त्यामुळे शासकीय इमारती, शाळा, बाजार संकुले आणि बसस्थानके यांची छपरे येथे अधिक मोलाची ठरतात. मात्र दीर्घ पावसाळ्यात सौरनिर्मिती घटते, हेही हिशेबात धरावे लागते.

कचऱ्याच्या बाबतीत साळगाव येथील प्रकल्पाने २०१६ पासून वायू व वीजनिर्मितीचा अनुभव दिला आहे. पाणीपुरवठ्याच्या पंपांची कार्यक्षमता आणि नळांतील गळती तपासणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. कारण गळून गेलेल्या प्रत्येक लिटरसोबत ते उपसण्यासाठी खर्चिलेली वीजही वाया जाते. नव्या प्रकल्पांची घोषणा करण्यापूर्वी प्रत्येक पालिकेने आपल्या वीजबिलांची विभागवार मांडणी केली, तर नियोजनाचे निम्मे काम तिथेच पूर्ण होईल.