झोत : जेट विमानामागील वारा आणि एक इशारावाक्य

पंख्याच्या विमानामागे वारा सुटतो, ही गोष्ट विमानविद्येइतकीच जुनी होय. परंतु दुसऱ्या महायुद्धापूर्वी हा वारा संकटापेक्षा उपद्रव म्हणूनच अधिक गणला जाई. तो धूळ उडवी, गवत लववी, म्हणून दिसे. शिवाय वारा सोडणारे विमान आणि तो सोसणारे विमान यांच्या आकारांत बहुधा फारसे अंतर नसे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते विमानही एकाच इंजिनाचे, हलके पस मॉथ होते.

२७ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीत हाइन्केल १७८ हे जेट विमान प्रथम उडाले आणि २ मे १९५२ रोजी कॉमेटची नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. २६ ऑक्टोबर १९५८ पासून बोइंग ७०७ न्यूयॉर्क-पॅरिस मार्गावर धावू लागले. तेव्हापासून एकाच विमानतळावर शंभर टनांहून जड जेट आणि एका टनाच्या आतबाहेरचे शिकाऊ विमान मागेपुढे चालू लागले. येथेच या प्रश्नाचा खरा प्रारंभ होतो. जेटचा झोत तप्त असला तरी बहुधा अदृश्य असतो. फरसबंद जमिनीवर उडायला धूळही नसते. हलक्या विमानाचे पंख मात्र अल्प वेगाच्या वाऱ्यावरही उचलले जावेत अशाच बेताने घडविलेले असतात. मागून तिरपा झोत आला की एक पंख उचलला जातो, नाकाचे चाक वळलेले असल्यास विमान कलंडते. आणि उभ्या विमानाची सुकाणूफळी आदळून तिच्या बिजागऱ्या वाकतात.

पुढील इंजिनांत झोताचा वेग कमी झाला, म्हणून धोकाही घटला असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः घडले ते उलट. रुंद पंख्याची नवी इंजिने हवा हळू फेकतात, पण पुष्कळ अधिक फेकतात. आणि जाड झोत बारीक झोतापेक्षा दूरवर टिकतो. अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाच्या वैमानिक-पुस्तिकेतील कोष्टक या दृष्टीने बोलके आहे. उड्डाणशक्ती लावली असता ताशी २५ मैल वेगाचा वारा बोइंग ७२७ च्या मागे ५५० फुटांपर्यंत, डीसी-८ च्या मागे ७०० फुटांपर्यंत, तर १९७१ मध्ये सेवेत आलेल्या डीसी-१० च्या मागे २,१०० फुटांपर्यंत पोचतो. थांबलेले विमान केवळ हलविण्यासाठी लागणाऱ्या शक्तीतही डीसी-१० चा आकडा ८५० फूट आहे. म्हणजे धोका धावपट्टीपुरता नाही. एप्रनच्या कोपऱ्यावर वळणारे अवजड विमान आपला झोत झाडूसारखा सर्वत्र फिरवीत जाते.

यावर झोत वर वळविणाऱ्या भिंती आल्या, धावपट्टीच्या टोकाशी जमिनीची धूप रोखणारे फरसबंद पट्टे आले. मुंबईत सांताक्रूझला मोठी विमाने गेली आणि जुहू लहान विमानांना व हेलिकॉप्टरांना उरले. ही विभागणी झोताच्या भयाने झाली नव्हती, तरी तिचा लाभ लहान विमानांना मिळाला, हे नाकारता येत नाही. जेथे अशी विभागणी नाही, तेथे सारी भिस्त शब्दांवर राहते.

नियंत्रण मनोऱ्यावरून द्यावयाचा आंतरराष्ट्रीय इशारा अवघ्या तीन शब्दांचा आहे : ‘कॉशन जेट ब्लास्ट’. यातील ‘ब्लास्ट’ शब्दाने मराठी कानास स्फोटाचा भास होतो. परंतु येथे अर्थ आहे तो लोहाराच्या भात्याच्या फुंकीचा. ‘ब्लास्ट फर्नेस’ला झोतभट्टी म्हणणाऱ्या परिभाषाकारांनी तो नेमका ओळखला होता. स्फोट एकदा होऊन संपतो. झोत टिकतो आणि शक्ती वाढताच क्षणार्धात बळावतो. शिकाऊ वैमानिकाला हा भेद आधीच समजला, तर तो धडाका ऐकण्याची वाट पाहत बसणार नाही.

वाक्यरचनेच्या दृष्टीने हा इशारा अपुरा आहे. त्यात अंतर नाही, दिशा नाही, पुढचे विमान शक्ती केव्हा वाढविणार याचा उल्लेख नाही. थोडक्यात बोलणे रेडिओवर अपरिहार्य असते, हे खरे; तथापि या संक्षेपाबरोबर जबाबदारीही श्रोत्याकडे सरकते. मोठ्या विमानाचा चालक इंजिनांच्या पुढे बसतो. त्याला आपल्या मागचे छोटे विमान दिसत नाही. दोन्ही विमाने पाहू शकणारा, त्या दोघांपैकी, लहान विमानाचा वैमानिकच. म्हणून पुढच्या विमानाला निघण्याची अनुज्ञा मिळाल्याचे त्याच ध्वनिलहरीवर ऐकू येताच त्याने थांबावे, विमान शक्यतो वाऱ्याच्या रोखाने वळवावे आणि दांडा घट्ट धरून ठेवावा, ही शिकवण रूढ झाली. ती इशाऱ्याच्या शब्दांत कोठेही नाही. ती परक्याला दिलेली आज्ञा ऐकण्याच्या सवयीत आहे.