खेळातले कारागीर आणि हौदाचे गणित

संगणकाच्या जाळ्यावर खेळल्या जाणाऱ्या काही खेळांत हजारो माणसे एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतात. प्रत्येक जण एक भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, तर कोणी लोहार. या लेखात आपण त्यांतल्या लोहाराकडे पाहणार आहोत. तो खाणीतून लोखंड काढतो, भट्टीत वितळवतो, तलवार घडवतो आणि ती दुसऱ्या खेळाडूला नाणी घेऊन विकतो. लोखंड, तलवार आणि नाणी ही सगळी पडद्यावरची चित्रे. त्यांपायी गेलेले तास मात्र खरे असतात. वरच्या वर्गातले काही विद्यार्थी असे तास घालवतात आणि शिक्षकांपुढे प्रश्न उभा राहतो : या घडवण्यात आणि विकण्यात काही अर्थ आहे का? ते परवडते का?

‘वेळ वाया घालवू नका’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. या खेळांना आता चार दशकांहून अधिक इतिहास आहे. तो चाळला तर प्रश्नाचे उत्तर तर मिळतेच, शिवाय अर्थशास्त्राचे काही मूलभूत धडेही हाती लागतात.

दलदलीतला खजिना

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने एक खेळ लिहायला घेतला. रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो पुढे वाढवला. ‘मड’ असे त्याचे नाव. त्यात चित्रे नव्हती. सगळे वर्णन शब्दांत. खेळाडूने खजिना शोधायचा आणि तो दलदलीत टाकायचा, की त्याला गुण मिळत. टाकलेला खजिना नाहीसा होई. खजिना संपत आला की सारे जग पुन्हा पहिल्यासारखे मांडले जाई. जिथे वस्तू साठवून ठेवता येत नाही, तिथे बाजार कसा भरणार?

बाजार भरला तो ‘हॅबिटॅट’ या खेळात. १९८६ मध्ये अमेरिकेतील लुकासफिल्म कंपनीसाठी चिप मॉर्निंगस्टार आणि रँडल फार्मर यांनी तो तयार केला. त्यात प्रत्येकाला काही नाणी मिळत आणि वस्तू विकणारी व विकत घेणारी यंत्रे जागोजागी असत. काही खेळाडूंच्या ध्यानात आले की एका ठिकाणी ७५ नाण्यांना मिळणारी बाहुली गावाच्या दुसऱ्या टोकाला १०० नाण्यांना घेतली जाते. त्यांनी रात्रभर खेपा घातल्या. पुरेशी नाणी जमल्यावर १८,००० ला मिळणारे स्फटिकगोल ३०,००० ला विकायला सुरुवात केली. सकाळी रचनाकारांनी पाहिले तर साऱ्या जगातील नाण्यांचा साठा एका रात्रीत पाचपट झालेला!

स्वस्त ठिकाणी घ्यावे आणि महाग ठिकाणी विकावे, हा व्यापाराचा आद्य नियम. खऱ्या जगात मात्र विकत घेणाऱ्याची थैली कधीतरी रिकामी होते आणि भाव उतरतो. हॅबिटॅटमधील यंत्राची थैली अक्षय होती. दिलेली नाणी ते शून्यातून निर्माण करीत होते. म्हणजे या रात्रीच्या खेपांना व्यापार म्हणण्यापेक्षा टांकसाळ म्हणणे अधिक योग्य.

हौद आणि नळ

शाळेच्या अंकगणितात हौदाची उदाहरणे असतात. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. दोन्ही एकदम सोडले तर काय होईल? काल्पनिक जगाच्या अर्थव्यवस्थेचे सारे मर्म या उदाहरणात आहे. राक्षस मारला की त्याच्याजवळ नाणी सापडतात, हा भरणारा नळ. तलवारीची डागडुजी, कर, झिजून मोडणाऱ्या वस्तू, हा रिकामा करणारा नळ. आपल्याकडील ‘व्यापार’ या पटावरच्या खेळातही फेरी पूर्ण केली की बँक पैसे देते आणि दंडाच्या घरात ते परत घेते.

सप्टेंबर १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ सुरू झाला. त्याच्या रचनाकारांनी दोन्ही नळ बंद करून पाहिले. जगातील कच्चा माल ठरावीक ठेवला. वस्तू नष्ट झाली की तिच्यातील द्रव्य जगाकडे परत जाईल आणि त्यातून नवे काही निर्माण होईल, असे चक्र त्यांनी योजले. वस्तूच्या अविनाशित्वाचा नियमच जणू अर्थशास्त्राला लावला. पण खेळाडूंनी वस्तू नष्ट होऊच दिल्या नाहीत. पेट्या भरभरून साठे केले. द्रव्य पेट्यांत अडकले आणि खाणीत व जंगलात नवे काही उगवेना. अखेर चक्र सोडून द्यावे लागले आणि भरणारा नळ उघडावा लागला.

मग उलटी अडचण आली. नाणी वाढत गेली, तसे भाव चढत गेले. इतिहासाच्या शिक्षकांना येथे सोळाव्या शतकातील स्पेन आठवेल. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पोतोसी येथे चांदी सापडली. त्यानंतर युरोपात येणाऱ्या चांदीचा ओघ वाढला आणि धान्याचे भाव चढत गेले. लोकसंख्यावाढीसारखी कारणेही त्यामागे होती. तरी चांदीचा वाटा मोठा होता.

लोहाराला आणखी एका गोष्टीने गाठले. या खेळात कौशल्य सरावाने वाढे. निष्णात होण्यासाठी तीच वस्तू शेकडो वेळा घडवावी लागे. त्या वस्तू कोणाला हव्या आहेत म्हणून घडत नव्हत्या. कारागिराला हवे होते ते कौशल्य. वस्तू हा त्यातून पडलेला भुसा. असा भुसा हजारो जण बाजारात आणू लागले, की तयार मालाची किंमत कच्च्या मालाच्याही खाली जाते. नवशिक्या कारागिराला खेळ परवडत नाही, अशी तक्रार पुढे अशा अनेक खेळांत ऐकू आली, ती याच कारणाने.

नोराथचा ताळेबंद

मार्च १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ हा खेळ आला. त्यातील जगाचे नाव नोराथ. खेळाडू तेथील नाणी व शस्त्रे लिलावाच्या संकेतस्थळांवर खऱ्या डॉलरना विकू लागले. कॅलिफोर्नियातील एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी या विक्रीचे आकडे गोळा केले आणि २००१ च्या अखेरीस एक शोधनिबंध लिहिला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे नोराथचे दरडोई राष्ट्रीय उत्पन्न २,२६६ डॉलर भरले. म्हणजे त्या वेळच्या रशिया व बल्गेरिया यांच्या मधले! तासाची कमाई ३.४२ डॉलर.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. त्या वेळी अमेरिकेतील किमान वेतन तासाला ५.१५ डॉलर होते. म्हणजे अमेरिकन तरुणाला पैशासाठी नोराथमध्ये राबणे परवडत नव्हते. हॉटेलात बशा धुतल्या तर अधिक मिळाले असते. तो तिथे रमत होता, म्हणूनच एवढ्या कमी मोबदल्यात राबत होता. पण ज्या देशात तासाला ३.४२ डॉलर ही मोठी रक्कम होती, तेथील माणसाला हा आकडा वेगळेच काही सांगत होता. त्याकडे आपण पुढे वळू.

घरचे ते फुकट?

मे २००३ मध्ये आइसलँडमधील सीसीपी या कंपनीने ‘ईव्ह ऑनलाइन’ सुरू केला. हा अंतराळयानांचा खेळ. यातील बहुतेक सर्व याने खेळाडूच बांधतात आणि युद्धात फुटलेले यान कायमचे जाते. कौशल्य सरावाने न वाढता घड्याळाप्रमाणे वाढते, त्यामुळे सरावाचा भुसा बाजारात येत नाही. जानेवारी २०१४ मधील एका लढाईत ७५ महाकाय याने नष्ट झाली. कंपनीच्या अंदाजाने नुकसान सुमारे ३ लाख डॉलरच्या मोलाचे होते. मोडणारा असतो म्हणून घडवणाऱ्याला काम असते, हे येथे स्वच्छ दिसते. या बाजाराचा अभ्यास करण्यासाठी कंपनीने २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञांची नेमणूक केली.

याच खेळातील एक चूक आम्हांला शिक्षकांच्या दृष्टीने मोलाची वाटते. समजा, एका यानाला लागणारी खनिजे बाजारात १०० नाण्यांना विकली जातात. एक खेळाडू ती स्वतः खणतो, त्यांतून यान बांधतो आणि ९५ नाण्यांना विकतो. तो खूश असतो. ‘खनिजे मीच खणली, म्हणजे फुकटच!’ वास्तविक त्याने खनिजे तशीच विकली असती तर १०० मिळाली असती. बांधण्याचे कष्ट करून त्याने ५ नाणी गमावली. खेळाडूंमध्ये ही चूक इतकी प्रसिद्ध आहे की तिची थट्टा होते. अर्थशास्त्रात तिच्यामागील कल्पनेला ‘संधी खर्च’ म्हणतात. एखादी गोष्ट करताना जी दुसरी उत्तम संधी हुकली, ती त्या गोष्टीची खरी किंमत.

आपल्या वाचकांना ही चूक परकी वाटू नये. शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरायची की नाही, स्वतःच्या जमिनीचा खंड धरायचा की नाही, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग यासाठी वेगवेगळे आकडे काढतो. फक्त प्रत्यक्ष केलेला खर्च धरला की एक आकडा, घरच्यांची मजुरी मिळवली की दुसरा, स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरील व्याजही धरले की तिसरा. ‘घरचे ते फुकट’ हा समज यानबांधणीत जसा बुडवतो तसाच शेतीतही बुडवतो. फरक एवढाच की खेळातील तोटा पडद्यावर राहतो.

रुपयातला एक आणा

काही ठिकाणी मात्र तोटा पडद्यावर राहिला नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाची नाणी जमवण्यासाठी चीनमध्ये कारखानेच निघाले. न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीने २००७ मध्ये नानजिंग शहरातील अशा एका कारखान्याची हकिकत छापली. तेथील तरुण कामगार रात्री बारा-बारा तास संगणकापुढे बसून राक्षस मारत. १०० नाणी जमवली की कामगाराला सुमारे सव्वा डॉलर मिळे. मालक ती ३ डॉलरना किंवा थोडी अधिक किमतीला विकत असे. अमेरिकेतील वा युरोपातील खेळाडूपर्यंत पोहोचेतो त्यांची किंमत २० डॉलरपर्यंत जाई. सव्वा भागिले वीस म्हणजे एक सोळांश. जुन्या हिशेबात रुपयातला एक आणा! शेतातल्या कांद्याचा आणि बाजारपेठेतल्या कांद्याचा भाव ठाऊक असणाऱ्याला या साखळीचे नवल वाटणार नाही.

पुढे २०१७ च्या सुमारास व्हेनेझुएलात चलन कोसळले, तेव्हा तेथील अनेकांनी ‘रूनस्केप’ या जुन्या खेळातील सोने जमवून पोट भरले. देशाच्या चलनापेक्षा खेळातले सोने भरवशाचे ठरले! २०२१ मध्ये व्हिएतनाममधील एका कंपनीच्या ‘ॲक्सी इन्फिनिटी’ या खेळाने फिलिपाइन्समधील कित्येकांना रोजगाराची आशा दाखवली. त्यातील बक्षिसाचे नाणे २०२१ मध्ये एकदा ३० सेंटच्याही वर गेले होते. २०२२ च्या मध्यापर्यंत ते एका सेंटच्याही खाली आले. कारण आपल्या परिचयाचे आहे. भरणारा नळ मोठा होता आणि रिकामा करणारा लहान. नवे खेळाडू येत होते तोवर हौद भरून वाहतो आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही. खेळात शिरण्यासाठी उसने पैसे काढणाऱ्यांना हे गणित फार महागात पडले.

मग परवडते का?

या इतिहासावरून तीन उत्तरे देता येतात.

पहिले, खेळाच्या आतल्या हिशेबाने काहींना परवडते. जे आपला माल आणि आपला वेळ बाजारभावाने मोजतात, झिजणाऱ्या आणि संपणाऱ्या वस्तू पुरवतात, स्वस्त जागेचा माल महाग जागी नेतात, त्यांना नफा होतो. सरावासाठी घडवलेला माल सहसा तोट्यातच जातो. तो शिकण्याचा खर्च समजावा.

दुसरे, पोटापाण्याचा उद्योग म्हणून ते परवडत नाही. खऱ्या खाणीत लोखंड किती, हे निसर्ग ठरवतो. खेळातील खाणीत ते किती, हे कंपनी ठरवते आणि एका रात्रीत बदलू शकते. दुसऱ्याच्या हातात दोन्ही नळ असलेल्या हौदावर कोणी संसार उभारू नये.

तिसरे, खेळ म्हणून परवडते का, हे त्या खेळात काय उरते यावर अवलंबून आहे. ‘डायाब्लो ३’ या खेळात २०१२ साली खऱ्या पैशांचा लिलावबाजार उघडण्यात आला. राक्षस मारून चांगली तलवार मिळवायची हे त्या खेळाचे सूत्र. बाजारात त्याहून चांगली तलवार आयती मिळू लागली, तेव्हा लढायचे कशाला, असा प्रश्न उभा राहिला. १८ मार्च २०१४ रोजी कंपनीने तो बाजार बंद केला. घडवण्यातला आनंद विकत मिळू लागला की उरते ती नुसती खरेदी.

हे सारे संगणकाशिवाय वर्गात तपासून पाहता येईल. बाजाराचे प्रयोग वर्गात करण्याची परंपरा जुनी आहे. हार्वर्डमधील एडवर्ड चेंबरलिन यांनी असे प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यांचे विद्यार्थी व्हर्नन स्मिथ यांना याच पद्धतीच्या विकासासाठी २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आगकाड्या हे लोखंड आणि कागदाचे कपटे ही नाणी समजा. निम्म्या मुलांना काड्या, निम्म्यांना नाणी वाटा. चार काड्यांचा चौकोन ही ‘तलवार’. दर फेरीला प्रत्येकाला दोन नाणी आणि दोन काड्या द्या, आणि तलवारीचा सरासरी भाव फळ्यावर आलेखात मांडा. पहिल्या चार फेऱ्यांत काहीही परत घेऊ नका. पुढच्या चार फेऱ्यांत दर फेरीला प्रत्येक तलवारीमागे एक नाणे ‘डागडुजी’ म्हणून घ्या. ज्याच्याकडे नाणे नसेल त्याची तलवार मोडली. आलेखाची रेषा कुठे वळते ते मुलांनाच सांगू द्या. मग विचारा : तुमच्या तलवारीत काड्या किती गेल्या, आणि तेवढ्या काड्या विकल्या असत्या तर किती मिळाले असते?

हा प्रश्न ज्याला स्वतःहून सुचू लागला, त्याने खेळातल्या लोहारकामाचे मोल वसूल केले असे समजायला आमची हरकत नाही. तोच प्रश्न त्याने पडद्यापुढे जाणाऱ्या आपल्या तासांनाही लावावा.