विधानसभेचे उमेदवार व नागरी हक्क : कळंबच्या मतदारांसाठी माहिती

कळंब तालुका (जि. धाराशिव) २००९ च्या निवडणुकीपासून उस्मानाबाद या २४२ क्रमांकाच्या विधानसभा मतदारसंघात समाविष्ट आहे. त्यापूर्वी, २००४ च्या निवडणुकीपर्यंत, कळंब हा अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला स्वतंत्र मतदारसंघ होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो संपुष्टात आला. जिल्ह्यातील चार मतदारसंघांपैकी आता केवळ उमरगा राखीव आहे. त्यामुळे दुर्बल व अल्पसंख्य घटकांच्या हक्कांविषयी उमेदवाराची भूमिका काय आहे, हे येथील मतदारांनी स्वतः विचारून घेणे अगत्याचे आहे.

आमदाराच्या हाती काय असते?

पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्याचे विषय आहेत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा महाराष्ट्र विधिमंडळानेच केला. मध्य प्रदेश विधानसभेने १९६८ मध्ये धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला व राज्यांचा तो अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मान्य केला. दलित ख्रिस्ती बांधवांच्या अनुसूचित जातीच्या दर्जाचा प्रश्न मात्र १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाशी निगडित असून त्यात बदल करण्याचा अधिकार संसदेला आहे. राज्याची विधानसभा शिफारशीचा ठराव करू शकते. आंध्र प्रदेश व तामिळनाडू विधानसभांनी २०२३ मध्ये असे ठराव संमत केले.

माहिती कोठे मिळते?

१. शपथपत्र : सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, देणी व शिक्षण यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. नमुना २६ मधील हे शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात व निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यात दाखल गुन्ह्यांची कलमे अवश्य वाचावीत. उमेदवाराची मते मात्र त्यात नसतात.

२. सभागृहातील नोंद : उमेदवार विद्यमान किंवा माजी आमदार असल्यास त्याने विचारलेले तारांकित प्रश्न, मांडलेल्या लक्षवेधी सूचना व केलेली भाषणे विधिमंडळाच्या कार्यवाहीत सापडतात. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. त्यामुळे कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नोंद सहसा राहत नाही, आणि भाषण हाच मुख्य पुरावा ठरतो.

३. जाहीरनामा : तो पक्षाचा असतो. त्यातील वचन उमेदवाराला व्यक्तिशः मान्य आहे काय, हे विचारावे लागते.

उमेदवारांना विचारावयाचे प्रश्न

– अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार नोंदवून घेण्यास टाळाटाळ झाल्यास आपण काय कराल?
– धर्मस्वातंत्र्याशी संबंधित विधेयक सभागृहात आल्यास आपली भूमिका काय राहील?
– दलित ख्रिस्ती बांधवांविषयीच्या शिफारशीच्या ठरावाला आपण पाठिंबा द्याल काय?
– गावातील स्मशानभूमी किंवा दफनभूमी सर्वांना उपलब्ध व्हावी यासाठी आपण काय कराल?

घ्यावयाची दक्षता

सर्व उमेदवारांना तेच प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तरासाठी समान मुदत द्यावी. आलेली उत्तरे फेरफार न करता जशीच्या तशी मतदारांसमोर ठेवावीत. ज्याने उत्तर दिले नाही, त्याच्या नावापुढे तेवढेच नमूद करावे. उमेदवारांची सभा चर्चच्या आवारात घेऊ नये, कारण धार्मिक संस्थांच्या जागेचा राजकीय कार्यासाठी वापर करण्यास १९८८ च्या कायद्याने मनाई आहे. त्यासाठी सार्वजनिक सभागृह निवडावे. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत निवडणुकीसंबंधी जाहीर सभा घेता येत नाही. तसेच, धर्म वा जात यांच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी अधिक व्यापक अर्थाने स्पष्ट केले. म्हणून प्रश्न सर्व नागरिकांच्या हक्कांविषयी असावेत, व ते विचारण्यात इतर समाजांतील मतदारांनाही सहभागी करून घ्यावे.

मिळालेली लेखी उत्तरे निवडणुकीनंतरही जपून ठेवावीत. विधानसभेची मुदत पाच वर्षांची असते. दिलेल्या शब्दाची आठवण निवडून आलेल्या आमदाराला मधल्या काळातही करून देता येते.