वहीतला रिकामा रकाना

काही वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी तीन आठवडे धावायचे नाही, असे बजावले. चौथ्या दिवशी पहाटे मी चार किलोमीटर धावून आलो. कारण सांगायलाही लाज वाटते. सरावाच्या वहीत सलग तीन रकाने रिकामे राहिले होते आणि ते मला बघवेनात. त्या चार किलोमीटरांपायी पुढचे पाच महिने घरी बसलो. त्या सक्तीच्या विश्रांतीत जुन्या धावपटूंची चरित्रे वाचायला घेतली. प्रश्न एकच होता : कामगिरी सुधारावी म्हणून ठेवलेली नोंद आपल्यालाच हुकूम कधी सोडू लागते? दोन इंग्रज धावपटूंपाशी मी थांबलो.

पहिला रॉजर बॅनिस्टर. लंडनमध्ये वैद्यकशास्त्र शिकणारा हा तरुण दुपारच्या सुटीत पॅडिंग्टनच्या धावपट्टीवर सराव करी. सरावाचा गाभा साधा होता. ४४० यार्डांच्या १० फेऱ्या, प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये २ मिनिटांची उसंत. एक मैल म्हणजे अशा ४ फेऱ्या. म्हणजे ४ मिनिटांच्या आत मैल धावायचा, तर फेरी सरासरी ६० सेकंदांच्या आत यायला हवी. १९५३च्या हिवाळ्यात त्याला सरावात एका फेरीला ६६ सेकंद लागत. एप्रिल १९५४पर्यंत ते ६१वर आले आणि तिथेच अडले. जोर वाढवूनही आकडा हलेना. तेव्हा बॅनिस्टर आणि त्याचा साथीदार ख्रिस ब्रॅशर सराव सोडून काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत कडे चढायला गेले. परतल्यावर फेरी ५९ सेकंदांत झाली. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला बॅनिस्टरने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पुरा केला.

दुसरा रॉन हिल. जन्म १९३८चा, लँकेशरमधल्या ॲक्रिंग्टनचा. कापडाच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला माणूस. १९५६पासून तो धावण्याची रोजनिशी लिहीत असे. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये तो १०,००० मीटरमध्ये १८वा आणि मॅरेथॉनमध्ये १९वा आला. त्याच वर्षी २० डिसेंबरपासून त्याने एकही दिवस न चुकता धावायला सुरुवात केली. रोज किमान एक मैल, हा नियम. पुढे कित्येक वर्षे तो आठवड्यात १३ वेळा धावे : रोज दोनदा, रविवारी एकदा. फळही मिळाले. १९६९मध्ये अथेन्सला युरोपीय अजिंक्यपद. १९७०मध्ये बोस्टन मॅरेथॉन त्याने २ तास १० मिनिटे ३० सेकंदांत जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २ तास ९ मिनिटे २८ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले.

पण नंतर विजय थांबले, तरी नेम थांबला नाही. मोटार अपघातात छातीचे हाड मोडले, तरी तो धावला. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर आधार घेत, लंगडत त्याने मैल भरून काढला. अखेर जानेवारी २०१७मध्ये धावताना छातीत कळा येऊ लागल्या. मरतो की काय, असे त्याला वाटले. तरीही त्याने तो मैल पुरा केला आणि मगच नेम सोडला. ५२ वर्षे ३९ दिवस झाले होते. २०२१मध्ये तो गेला.

हिलला वेडा ठरवणे सोपे आहे. तो हेका नसता, तर बोस्टन आणि एडिंबरो झाले असते, असे मला वाटत नाही. फरक माणसांत कमी, रकान्यांत जास्त आहे. बॅनिस्टरच्या आकड्यात हालचाल होती. ६६, ६१, ५९. ६१वर अडलेला आकडा काहीतरी सांगत होता आणि ते ऐकून त्याला धावपट्टी सोडता आली. हिलच्या नेमाला दोनच उत्तरे ठाऊक होती : धावलो किंवा धावलो नाही. आज शरीर काय म्हणते, हे लिहायला त्या नेमात जागा नव्हती. सातत्य राखायला असा रकाना उत्तम. सल्ला मात्र तो एकच देतो : उद्या पुन्हा.

स्मरणशक्ती लबाड असते. चांगले दिवस ती जपते, वाईट दिवस विसरते. म्हणून वही हवीच. माझ्या वहीत मात्र दुखऱ्या पहाटेलाही मी फक्त अंतर लिहिले होते : चार किलोमीटर. गुडघ्याचा उल्लेखसुद्धा नाही. ते पान आज पाहिले, तर कुणालाही तो बरा दिवस वाटेल.

आता मी अंतरापुढे आणखी दोन रकाने आखले आहेत : झोप किती झाली आणि कुठे दुखते. न धावलेल्या दिवशी रेघ मारत नाही, ‘विश्रांती’ असे पूर्ण अक्षरांत लिहितो. गेल्या आठवड्यात हा शब्द दोनदा लिहिला. दुसऱ्यांदा लिहिताना हात थोडा कमी अडखळला.