चर्चप्रांगणातील क्रूस, इंग्लंडमधील
इंग्लंडमधील खेड्यांत चर्चच्या प्रांगणात मध्ययुगात उभारलेले दगडी क्रूस. ते सामान्यतः चर्चच्या दक्षिणेस असत. पायऱ्यांचा चौथरा, खोबणीचा दगड, उंच स्तंभ व शीर्ष हे त्यांचे भाग होत. शीर्षावर बहुधा क्रूसावरील ख्रिस्त कोरलेला असे. झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक येथे थांबे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर अशी शिल्पे मूर्तिपूजेची चिन्हे ठरली. १६४३ मध्ये पार्लमेंटने चर्चप्रांगणांतील क्रूसही काढून टाकण्याचा आदेश दिला. परिणामी अनेक ठिकाणी चौथरा व तुटका स्तंभ एवढेच उरले; काही स्तंभांवर पुढे सूर्यघड्याळे बसविण्यात आली. ग्लॉस्टरशर परगण्यातील अँपनी क्रूसिस येथील कोरीव शीर्ष मात्र चर्चमध्येच चिणून ठेवल्यामुळे बचावले. एकोणिसाव्या शतकात ते सापडल्यावर पुन्हा स्तंभावर बसविण्यात आले.