सतरा सप्टेंबर, दोनदा

तारीख १७ सप्टेंबर १६८३. तुम्ही हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरात उभे आहात. तिकडे दख्खनेत संभाजीराजे औरंगजेबाशी झुंजताहेत. इथे आंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी स्वतःच्या दातांतला पांढरा कीट पावसाच्या पाण्यात कालवतोय. पितळी पट्टीत बसवलेलं इवलंसं भिंग तो तुमच्या हातात देतो. डोळ्याला अगदी लावून धरा, उजेडाकडे वळा. दिसलं? कुणी सुळकन पळतंय, कुणी जागीच गरगरतंय. आज तो हे लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवणार आहे. त्याला आणखी एक गोष्ट खटकलीय: व्हिनेगरने कीटाच्या बाहेरचे जीव मरतात, आतले जगतात.

का, ते बघायला चला साखऱ्याला, सेनगाव तालुक्यात. तारीख तीच, साल चालू. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकलंय. जनावरांचा हौद नुकताच धुऊन भरलाय. आता जीवाणूएवढे व्हा आणि आतल्या भिंतीशी थांबा.

पहिल्या काही मिनिटांतच पाण्यातल्या सेंद्रिय कणांचा पातळ लेप भिंतीवर बसतो. शेपटी हलवत एक जीवाणू येतो, टेकतो, निघून जातो. दुसरा मात्र टेकतो तो राहतोच. काही तासांत त्याचे दोनाचे चार होतात आणि अंगातून डिंकासारखा चिकट पदार्थ पाझरू लागतो: साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं, डीएनए.

काही दिवस पुढे सरका. तुमच्या डोक्यावर मनोरे उभे राहिलेत, मधून पाण्याच्या वाटा वाहताहेत. रासायनिक इशारे देत-घेत ही वस्ती आपली संख्या ओळखते. खोल आत शिरा: प्राणवायू कमी, अन्न कमी, पेशी सुस्त. वरून क्लोरीन आलं, तर बरंचसं बाहेरच्या थरातच खर्ची पडतं. वाढत्या पेशींवर घाव घालणारी प्रतिजैविकंही या सुस्त पेशींपुढे थिटी पडतात. लेव्हेनहूकचं कोडं हेच. जीवाणूंचं असं चिकटून राहणं १९७८ साली कॅनडातल्या बिल कॉस्टरटन आणि सहकाऱ्यांनी ठळकपणे मांडलं, तोवर जवळपास तीनशे वर्षं गेली होती.

आता पायाखालचं हलायला लागलंय. काही लचके पाण्याच्या ओढीने तुटतात. पण बाकीचं मोडणं आतूनच चाललंय: अन्न आटलं, तसे जीवाणू स्वतःची विकरं सोडून तोच डिंक कापताहेत, पुन्हा शेपट्या फुटताहेत, आणि एकेक जण नव्या भिंतीच्या शोधात सुटतोय.

सुटलेल्या या जीवाणूला आता आडोसा नाही. औषध त्याला सहज गाठतं. तो आपणहून सुटावा यासाठी आज प्रयोगशाळांत युक्त्या शोधल्या जाताहेत. हौदापुरती युक्ती मात्र जुनीच: आधी खराट्याने खरवडून थर मोडा, मगच ब्लीचिंग पावडर टाका. नुसत्या पावडरीने वरचे मरतील आणि आतले पुन्हा वस्ती उभारतील.