पंचेचाळीस मैलांवरचा चाप

जानेवारी २००५. टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओजवळच्या एका खासगी रानात तुम्ही लपणात बसला आहात. बाहेर ओकची झाडं, चुनखडीचे दगड आणि जमिनीवर विखुरलेला मका. तुमच्या शेजारी रायफल आहे, पण तिचा दस्ता कुणाच्या खांद्याला टेकलेला नाही. ती मोटर लावलेल्या लोखंडी चौकटीवर बसवली आहे, सोबत कॅमेरा आहे आणि तिथून निघालेली केबल संगणकाकडे गेली आहे. रानाचा मालक तुमच्या बाजूला गप्प बसला आहे.

रानडुक्कर मक्यावर येतं. मोटर जराशी गुरगुरते, नळी थोडी डावीकडे वळते, थांबते, पुन्हा किंचित सरकते. तुम्ही नकळत श्वास रोखता. गोळी सुटते आणि डुकराच्या मानेत घुसते. ते मरत नाही. मग मालकालाच पुढे होऊन आणखी गोळ्या घालून त्याचे हाल संपवावे लागतात.

आता तुम्ही पंचेचाळीस मैल दूर आहात. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक पडदा. मालकाच्या मित्राचा हात अजून माउसवर आहे. चाप त्यानेच ओढला, म्हणजे एक बटण दाबलं. वारा कुठून वाहत होता हे त्याला कळलं नाही, बारुदाचा वास आला नाही. मला सर्वांत जास्त टोचतं ते पुढचं. जनावर जखमी झालं तर त्याचा माग काढायचा, रक्ताचे थेंब पाहत झुडपात शिरायचं आणि काम पुरं करायचं, हा शिकाऱ्यांचा जुना नियम. या माणसाने ठरवलं तरी तो नियम त्याला पाळता येणार नव्हता. जखम त्याने केली, पण तिच्याजवळ जाणं त्याच्या हातात नव्हतं.

कल्पना निघाली तीही पडद्यासमोरच. रानातल्या हरणाचं चित्र इंटरनेटवर पाहताना कुणीतरी म्हणालं, इथे बंदूक असती तर! गाड्यांच्या दुरुस्तीचा खर्च काढण्याची नोकरी करणाऱ्या या मालकाने ते मनावर घेतलं. ‘लाइव्ह-शॉट’ नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. आधी कागदी निशाण्यांवर नेमबाजी, मग शिकार. रानडुकरं, उत्तर आफ्रिकेतली रानमेंढी आणि काळवीट.

होय, आपलं काळवीट. रेहेकुरीच्या माळावर उड्या घेणारं, १९७२च्या वन्यजीव कायद्याने पहिल्या अनुसूचीत ठेवलेलं. टेक्सासमध्ये ते १९३०च्या दशकात आणलं गेलं आणि कुंपणातल्या रानांत वाढलं. तिथे ते परदेशी जनावर मानलं जातं. त्याच्या शिकारीला ना ठरावीक हंगाम, ना संख्येची मर्यादा. वन्यजीव खात्याचे शिकारीचे नियम हरणासारख्या स्थानिक प्राण्यांसाठी. काळवीट आणि रानडुक्कर त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. म्हणून इंटरनेटवरून होणाऱ्या अशा शिकारीवर बंदी घालायला विधिमंडळालाच कायदा करावा लागणार होता.

मार्च २००५मध्ये व्हर्जिनिया ही बंदी घालणारं पहिलं राज्य ठरतं. या बंदीबद्दलच्या चर्चा ऐकायला बसलात तर तुम्हाला आश्चर्य वाटेल. शिकारीला जन्मभर विरोध करणारे प्राणीप्रेमी आणि बंदुकीच्या हक्कासाठी झगडणारी नॅशनल रायफल असोसिएशन एकाच बाजूला आहेत. शिकारीसाठी रानात यावंच लागतं, एवढ्यावर दोघांचं एकमत आहे. त्याच वर्षी टेक्सास कायदा करतं, कॅलिफोर्नियाही करतं. २००८पर्यंत असं करणाऱ्या राज्यांची संख्या सदतीस-अडतीसवर जाते. अमेरिकेच्या संसदेत देशभरासाठी मांडलेलं विधेयक मात्र पुढे सरकत नाही.

मालक एक बाजू मांडतो, ती झटकून टाकू नका. ज्यांचे हातपाय चालत नाहीत, त्यांना शिकारीचा आनंद कसा मिळणार? प्रश्न खरा आहे. पण अनेक राज्यांनी अपंग शिकाऱ्यांना परवाना देऊन उभ्या गाडीतून नेम धरायची किंवा सोबतीची मदत घ्यायची मुभा दिली आहे. तो माणूस रानात असतो, जनावर त्याच्या समोर असतं. ती वाट आणखी रुंद करावी, असं मला मनापासून वाटतं.

२००७ साली तुम्हाला दुसरा आक्षेप ऐकू येतो: असा व्यवसाय कुठे चालूच नाही, मग तीसहून जास्त राज्यांनी कायदे का केले? मला तर हीच वेळ योग्य वाटते. तेव्हा यावर कुणाचं पोट नव्हतं, कुणाची गुंतवणूक अडकली नव्हती, नुकसानभरपाई मागायला कुणी उभं नव्हतं. आणखी दहा वर्षं गेली असती, रानारानांत असे कॅमेरे लागले असते, तर व्हर्जिनियाने जे केलं ते किती राज्यांना जमलं असतं?

काळविटाला मात्र या कायद्याने अभय दिलेलं नाही. टेक्सासच्या कुंपणांत त्याची शिकार आजही पैसे भरून होते. फरक इतकाच, की मारणाऱ्याला तिकीट काढून तिथवर जावं लागतं, आणि गोळी मानेत लागली तर झुडपात शिरून त्याला शोधावंही लागतं.